श्वाननखांची निगा
कुत्र्याचे नख केराटीन या शृंगी प्रथिनाचे बनलेले असून त्याच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व तंत्रिका असतात. बिबट्याप्रमाणे कुत्र्याला नखे आत ओढून घेता येत नाहीत. ती चालताना जमिनीवर झिजतात. पिंपरी पेंढार (ता. जुन्नर, जि. पुणे) परिसरात बिबट्यांचा वावर असून राखणीचा कुत्रा त्यांचे सहज भक्ष्य ठरतो. मात्र कुत्रा सतत बांधून वा कोंडून ठेवल्यास नखे वाढतात व चाल बिघडते. पुढील पायांचे आतील नख जमिनीस टेकत नसल्याने वळून मांसात रुतू शकते.

नख टोकाकडून थोडे थोडे कापावे. पांढऱ्या नखात गाभा गुलाबी दिसतो. काळ्या नखाच्या छेदात मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबावे. नियमित कापणीने गाभाही हळूहळू मागे सरतो. रक्त आल्यास तुरटीची पूड लावून काही मिनिटे दाबून धरावे.

चीर गाभ्यापर्यंत गेल्यास तीव्र वेदना होतात व संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. असे नख ओढू नये. वेदनेने कुत्रा चावण्याचा संभव असल्याने प्रथम मुसके बांधावे. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन तीवर स्वच्छ पट्टी बांधावी व पशुवैद्याकडे न्यावे. तुटका भाग काढण्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते.