कर्करोग आणि मायक्रो-आरएनए

मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांत ज्यांची उमेद गेली, त्यांना आम्ही काय म्हणतो ते चटकन उमगेल. कचेरीतून खात्यात चिठ्ठी येते : अमुक माल इतका काढा. पण चिठ्ठी निघाली म्हणजे माल निघालाच असे नव्हे. गरज भागली असेल तर कोणीतरी ती अडवावी लागते, नाहीतर नको त्या मालाने गोदाम भरून जाईल.

पेशीचा कारभारही असाच आहे. केंद्रकातील डीएनए ही कचेरी, तेथून निघणारा संदेशवाहक आरएनए ही चिठ्ठी, आणि तिच्याबरहुकूम तयार होणारी प्रथिने हा माल. चिठ्ठी अडवणारा किंवा फाडणारा जो चिमुकला रेणू, तोच मायक्रो-आरएनए. त्याची लांबी अवघी २२ अक्षरांच्या आसपास. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना तो एक मिलिमीटर लांबीच्या जंतात सापडला. २०२४ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा कर्करोगाशी संबंध काय? २००२ साली रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, बहुसंख्य रुग्णांच्या पेशींत असे दोन रेणू घटलेले किंवा नाहीसे झालेले आढळले. पेशीला मरू न देणाऱ्या एका प्रथिनाची चिठ्ठी ते अडवतात, हे मागाहून कळले. अडवणारा गेला, की मरायची पेशी मरत नाही. उलट काही गाठींत अडवणारेच माजतात आणि रोगाला लगाम घालणाऱ्या प्रथिनाची चिठ्ठी फाडतात.

आता आपल्या जवळची गोष्ट. मेड्युलोब्लास्टोमा ही मुख्यतः मुलांच्या लहान मेंदूत होणारी गाठ. तिचे चार मुख्य प्रकार. ‘विंट’ नावाच्या प्रकारातली मुले बहुधा बरी होतात. इतरांत धोका अधिक. वाढत्या मेंदूवर किरणोपचाराचा घाव आयुष्यभर राहतो, म्हणून कोणाला किती उपचार द्यावा हा प्रश्न जिवाचा आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेत डॉ. नीलम शिरसाट व सहकाऱ्यांनी १२ जनुके आणि ९ मायक्रो-आरएनए मोजून प्रकार ओळखण्याची पद्धत बसवली व १०३ गाठींवर पारखून २०१३ साली प्रसिद्ध केली.

यातली खुबी पाहा. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणाच्या वडीत ठेवतात. इस्पितळात तिला ब्लॉक म्हणतात. त्यात लांब चिठ्ठीचे तुकडे पडतात, आखूड मायक्रो-आरएनए मात्र टिकतो. ताजा तुकडा गोठवून ठेवण्याची सोय थोड्याच ठिकाणी असते. ब्लॉक साध्या इस्पितळातही होतो. गरिबाच्या मुलापर्यंत विज्ञान पोचायचे ते अशाच वाटेने.

मात्र श्रोतेहो, निदान वेगळे आणि औषध वेगळे. मायक्रो-आरएनएचे कर्करोगावरील एक औषध माणसांवर तपासले जात असताना, गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ साली ती चाचणी थांबवावी लागली. तेव्हा या नावाने कोणी हमखास गुण विकू लागला तर खिशाला हात घालू नका.

पगाराची पावती जपा, असे आम्ही कामगारांना जन्मभर सांगत आलो. त्यात एक भर घालतो : घरात कोणाची गाठ काढली, तर तपासणीचा अहवाल आणि ब्लॉकचा क्रमांकही तितक्याच काळजीने जपा.