मालकावाचून कारभार

पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांनी कारभाराची जी घडी बसविली, ती व्यापारी मंडळ्यांच्या घडीहून मूलतः भिन्न होती. कंपनीत मताधिकार भांडवलाच्या प्रमाणात चालतो. येथे मात्र अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देणारे आजीव सदस्यच संस्थेचे चालक, म्हणजे जो सेवक तोच नियामक. या व्यवस्थेचे तेज मोठे, आणि तिच्यातील ताणही तितकाच मोठा. कारण लाभांश घटला की भागधारक संचालकांस जाब विचारतो, परंतु त्यागाचा जमाखर्च कोणी व कसा तपासावा? आजीव सदस्याने संस्थेबाहेर अर्थार्जन करावे काय, या प्रश्नावर वर्षानुवर्षे चाललेल्या मतभेदांचे पर्यवसान १८९० मध्ये संस्थापकांपैकी एक असलेल्या टिळकांच्या राजीनाम्यात झाले.

अशीच फूट पुण्याच्या सार्वजनिक सभेतही पडली. तेथे १८९५ साली टिळकपक्षाचे बहुमत होताच न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी डेक्कन सभा काढली. कंपनीतील असंतुष्ट आपले भाग विकून मोकळा होतो. संस्थेतील असंतुष्टाजवळ विकण्यासारखे काही नसते, म्हणून तो एकतर भांडतो, नाहीतर नवी संस्था काढतो. महाराष्ट्रात संस्था इतक्या उदंड का, याचे एक कारण मला येथे दिसते.

जाब विचारणाऱ्या मालकाची ही रिकामी जागा भरून काढण्याचा मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरसाल हिशेबतपासणी, स्थावर मिळकत विकण्यापूर्वी मंजुरी, विश्वस्त बदलला की फेरफार अर्ज, अशी तजवीज त्याने केली, आणि देणगीदाराच्या पैशाला कायमचा पहारा मिळाला. परंतु दप्तरी पहाऱ्याला मर्यादा असतात. दोन गट परस्परविरोधी फेरफार अर्ज दाखल करतात, निकाल लांबतो, आणि खरे विश्वस्त कोण हेच ठरत नसल्याने संस्थेचे काम खोळंबते. हे पाहून मन विषण्ण होते.

कंपन्यांचा कायदा २०१३ साली नव्याने झाला, तेव्हा भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालकांपैकी किमान एक तृतीयांश स्वतंत्र असावेत असे ठरले, आणि ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे दायित्व आले. त्यामुळे आज असा पैसा देताना कंपनीचे संचालक मंडळ सेवाभावी संस्थेला विचारते की, तुमची कार्यकारिणी कितीदा भरते, आप्तसंबंधी किती आहेत, पैसा कोठे गेला. हे प्रश्न रास्त आहेत. ते विचारण्याचा पहिला अधिकार मात्र वार्षिक सभेत बसणाऱ्या सभासदाचा. आणि आपल्याकडील अनेक जुन्या संस्थांत नवी सभासदनोंदणीच कित्येक वर्षे बंद आहे.