भाकरी सुटते तेव्हा

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. बाजार त्याच्या नावातच आहे. भोवतालच्या शिवारात ज्वारी, तूर, हरभरा पिकतो. अशा गावातील वृद्धांच्या ताटात पौष्टिक अन्नाची उणीव भासू नये. तरीही ती भासते, कारण धान्य घरात असले तरी ते चावण्यासाठी तोंडात दाढा उरलेल्या नसतात.

ताटातला बदल हळूहळू होतो. प्रथम शेंगदाणे आणि हरभरे सुटतात, मग काकडी, गाजर, पेरू. अखेरीस भाकरीही सुटते आणि तिच्या जागी चहात बुडवलेले बिस्कीट किंवा पाव येतो. घरच्यांना वाटते, आजींची भूकच वयाने मंदावली. प्रत्यक्षात भूक असते. चावण्याचा त्रास नको म्हणून त्या नको म्हणतात. आहारातील प्रथिने घटली की स्नायू झिजतात, उठताना आधार लागतो, तोल जाऊन पडण्याचे भय वाढते. चोथा कमी झाल्याने बद्धकोष्ठता जडते.

हा मऊ आहार उरलेल्या दातांनाही मानवत नाही. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दातांतील खनिज विरघळवते. लाळ हे आम्ल निवळवते, परंतु त्यास अर्धा तास तरी लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती कितीदा खाल्ली हेही महत्त्वाचे ठरते. दिवसातून सहा वेळा गोड चहा-बिस्कीट घेणाऱ्याच्या दातांना उसंत मिळत नाही. वृद्धापकाळी हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडतात. त्यांच्यावर टणक कवच नसल्याने ती लवकर किडतात. त्यातच रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांनी लाळ कमी होते. औषध मात्र परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना तोंड कोरडे पडत असल्याचे सांगावे.

यावर आमचे मत असे, की पदार्थ बदलू नये, त्याचे रूप बदलावे. भाकरी घट्ट वरणात कुस्करून तिचा काला करावा. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर द्याव्यात. शेंगदाणे कुटून भाजीत घालावेत, पालेभाजी डाळीत घोटावी, गाजर किसून वाफवावे. दही, मऊ पनीर, चालत असल्यास अंडे, यांतून प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. नुसते वरणाचे पाणी पाजून पोषण होते, हा आपल्याकडील मोठाच गैरसमज आहे.

मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. साखर वाढली की हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात येणे अवघड होते. मिश्रीबद्दलही बोलले पाहिजे. मराठवाड्यातील अनेक वयस्कर स्त्रिया ती दात स्वच्छ राहतात म्हणून लावतात. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तोंडातील जखम वा पांढरा-तांबडा चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास तपासणीस विलंब करू नये.

जपानमध्ये 1989 पासून एक मोहीम चालते: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात शाबूत ठेवण्याची. एवढे दात असले तर बहुतेक अन्न चावता येते. ज्यांचे दात गेलेच आहेत, त्यांच्यासाठी कवळी आहे. केंद्र शासनाच्या 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत चष्मा आणि श्रवणयंत्राबरोबर कवळीचाही समावेश आहे. हे पुष्कळांना ठाऊक नसते. कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांपेक्षा बराच कमी असतो, म्हणून पहिले काही आठवडे मऊ अन्न, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी चावणे, असा सराव करावा. रात्री ती काढून, ब्रशने घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी. ती टोचू लागली तर घरी कानशीने घासू नये, दंतवैद्याकडूनच नीट करून घ्यावी. टोचणारी कवळी डब्यात पडून राहते आणि चहा-बिस्किटे पुन्हा सुरू होतात.