आजीची गायरी आणि आमची बादली

पेडणे तालुक्यातल्या आमच्या मूळ घरामागे एक गायरी आहे. गायरी म्हणजे खताचा खड्डा. गोठ्यातलं शेण, भाजीचे देठ, चुलीतली राख, अंगणातला पातेरा असं सगळं तिथे जायचं आणि मिरगाच्या आधी खत होऊन माडांच्या आळ्यात पडायचं. आजीच्या घरात कचऱ्याचा डबाच नव्हता.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ती गायरी उपसायला मी फावडं घेऊन उतरलो. हातभर खाली दुधाच्या पिशव्या निघाल्या, मग वेफर्सची पाकिटं. शाम्पूच्या एका पाकिटावर २००९ ही तारीख अजून वाचता येत होती! मी तेव्हा इंजिनियरिंग कॉलेजात होतो. त्यानंतर मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न झालं. पाकीट मात्र होतं तसंच. काठावर उभी राहून आजी म्हणाली, "गायरी तीच आहे रे, आपण तिच्यात घालतो ते बदललं."

मला ते लागलं, कारण ती पाकिटं आणणारे आम्हीच होतो. आजीची सवय चुकीची नव्हती. घरात येणाऱ्या वस्तू बदलल्या आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात, हे आम्ही नातवंडांनी तिला कधी सांगितलंच नाही.

वेगळं का ठेवायचं?

साळगावला २०१६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यावर वीज तयार होते. सुका कचरा निवडून पुनर्वापराला जातो. ज्याचं काहीच होत नाही, तो गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला पाठवतात. पण आमटीत भिजलेला कागद किंवा भात चिकटलेली पिशवी कोण विकत घेणार? आम्हा संगणकवाल्यांचं जुनं वाक्य आहे, 'गार्बेज इन, गार्बेज आउट'. ते इथे शब्दशः लागू पडतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले. उघड्यावर जाळण्यालाही मनाई केली. तरी गावाकडे संध्याकाळी पातेऱ्याबरोबर प्लास्टिक पेटवलेलं आपण पाहतोच. तो विषारी धूर आधी आपल्याच ओसरीवर येतो.

आमची फजिती

डिचोलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही उत्साहाने बाल्कनीत खताची बादली ठेवली. आठवड्यात घाण वास सुटला, अळ्या झाल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. बायको म्हणाली, "एक तर ही बादली राहील, नाहीतर मी!" शेवटी आजीला फोन केला. तिचा पहिलाच प्रश्न होता, "पातेरा किती घातलास?" मी अजिबात घातला नव्हता.

नुसत्या ओल्या कचऱ्यात हवा खेळत नाही, म्हणून तो कुजून वास मारतो. सुक्या पानांमुळे हवा मिळते आणि जास्तीचं पाणीही शोषलं जातं.

आता आम्ही असं करतो

• झाकणाच्या बादलीला खाली आणि बाजूंनी भोकं पाडायची. तळाशी नारळाच्या सोडणांचा थर घालायचा, खाली ताटली ठेवायची.
• एक वाटी ओला कचरा, तर त्यावर दोन वाट्या चुरलेला पातेरा. सुरुवातीला थोडं जुनं खत किंवा आंबट ताक घालायचं.
• आठवड्यातून एकदा ढवळायचं. वास आला तर पातेरा वाढवायचा, फार कोरडं वाटलं तर पाणी शिंपडायचं. दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचं काळं खत मिळतं.
• नुस्त्याचे काटे-खवलं बादलीत नकोत. ती गावच्या घरी माडाच्या आळ्यात खोल पुरायची. तिसऱ्यांचे शिंपले कुजत नाहीत, ते कुंडीच्या तळाला घालावेत.
• दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, कारण तो बारीक तुकडा हमखास मातीत जातो. पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात टाकायची.
• बॅटरी सेल, जुनी औषधं, फुटके बल्ब वेगळ्या डब्यात.

आपल्याकडची खरी अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर कोरडं पान मिळत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत बादली बिघडते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात तेव्हाच दोन गोणी पातेरा भरून ठेवा. चवथीला माटोळीची फळं-पानं उतरवली की तीही बादलीत जातात. बांधायला मात्र प्लास्टिकची दोरी नको, सुंभ वापरा.

गावची गायरी साफ करायला आम्हा चुलतभावंडांना तीन रविवार लागले. आता तिच्या कडेला सुक्या कचऱ्याची गोणी टांगलेली असते. गेल्या मे महिन्यात निघालेलं खत आजीने मुठीत घेऊन चाळवून पाहिलं. एक बिस्किटाचं पाकीट सापडलंच! ते तिने माझ्या हातात दिलं आणि गोणीकडे बोट दाखवलं.

तुमच्या बादलीची फजिती झाली असेल, तर मंडळाच्या पुढच्या भेटीत जरूर सांगा. पातेऱ्याची एक गोणी मी घेऊन येईन.