रुपयाचे तोंड धुऊ नका!

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरोघरी चिंचेच्या कोळाने एक अत्याचार चालतो. देव्हाऱ्यातली जुनी नाणी घासून लख्ख केली जातात. गृहिणींनी रागावू नये. पण त्या काळ्या थराखालीच नाण्याची किंमत दडलेली असते.

मी मराठीचा प्राध्यापक, राहणार चिंचवडचा. पेशवाईत या गावी टांकसाळ होती, हे कारखान्यांच्या भोंग्यांत कोणाला आठवणार? त्या काळचा पुणे प्रांतीचा ‘अंकुशी’ रुपया मोठा गमतीचा. राज्य मराठ्यांचे, खूण हत्तीच्या अंकुशाची आणि मजकूर फारसीत, मोगल बादशहाच्या नावाने!

तीन वर्षांपूर्वी शेजारचे काका असे चार रुपये घेऊन आले. भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. नातीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी नाणी विकायची होती. म्हणाले, “सर, गिऱ्हाइकापुढे बरी दिसावीत म्हणून उद्या बफिंग करून आणतो.” मी त्यांचा हातच धरला.

भिंग देऊन त्यांना दाखवले. ही नाणी हातोड्याने पाडलेली. ठसा चकतीहून मोठा, म्हणून अक्षरे अर्धी राहतात. तो दोष नव्हे, जन्मखूण. ठसा नीट न उठलेल्या जागी चांदीची मूळ कातडी शाबूत दिसते. झीज निराळी. ती आधी उंचवट्यांवर येते आणि तिथला भाग सपाट, गुळगुळीत होतो. बारीक छिन्नीच्या खुणा सराफांच्या, चांदी खरी की खोटी हे पाहण्यासाठी केलेल्या. संग्राहक त्यांचे पैसे कापतात; मला मात्र त्या नाण्याच्या प्रवासाचे शिक्केच वाटतात. (१८३५ नंतरचा कंपनी सरकारचा यंत्रावरचा रुपया घेतला, तर हिशेब बदलतो. तिथे साचा ठरलेला, वजन ११.६६ ग्रॅम.) घासलेले नाणे लपत नाही. एकाच दिशेचे केसाएवढे ओरखडे भिंगाखाली चुगली करतात.

काकांनी भिंग खाली ठेवले. “म्हणजे सर, पॉलिश म्हणजे मटेरियल काढणेच की!”

तीन रुपये काळेच विकले गेले. फीला हातभार लागला. चौथ्याच्या कडेला कडीचा डाग होता, त्याला व्यापारी नुसत्या चांदीचा भाव देईना. काकांनी तो परत खिशात टाकला. कडी त्यांच्या आजीच्या गळ्यातली होती.