दोन डॉक्टर आणि एक वजनकाटा

येळवस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? भज्जी, उंडे, मडक्यातली गारेगार आंबील! वेळ अमावस्येला मुरुमचीच काय, धाराशिव-लातूरकडची गावंच्या गावं शेतात जातात. कोपीत पूजा झाली की पोट फुटेस्तोवर जेवण. तरी कुणी पोरगं सुस्तावत नाही. कारण सकाळपासून त्यांचे पाय थांबलेलेच नसतात. झाडाचा झोका, बांधावरची पळापळ, हरभऱ्याचे डहाळे खाणं. पोटात गेलेलं खर्चीही पडतं.

पण येळवस वर्षातून एकदा. बाकीच्या दिवसांचं काय?

एक गंमत बघा. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी आणि ३० ग्रॅमचं बटाटा वेफर्सचं पाकीट, दोन्हींतून ऊर्जा जवळपास सारखीच मिळते, साधारण १६० ते १७५ कॅलरी. भाकरी मात्र चावावी लागते. तिच्यात चोथा असतो, ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि पोट भरतं. वेफर्सचं पाकीट हां हां म्हणता संपतं, वर भूक तशीच! त्यावर २५० मिलिलिटर गोड कोल्ड्रिंक प्यायलात, तर पाच-सहा चमचे साखर पोटात गेली. मग मोबाईल घेऊन तासभर बसलात, तर न वापरलेली ऊर्जा शरीर चरबी म्हणून साठवून ठेवतं.

“पण मी तर काटकुळा, मला काय त्याचं?” असं कुणी म्हणेल. त्यानं ही गोष्ट ऐकावीच.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. दिसायलाही दोघं सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी गमतीनं लिहिलं, की आपला व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं.

सगळा दोष लिफ्टचा नाही हं. याज्ञिकांचं जन्माचं वजनही कमी होतं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी जो अभ्यास केला, त्यात बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच भरलं, पण त्या मानानं चरबी जास्त होती. म्हणजे वजनकाटा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

आता आईबाबांसाठी थोडं. मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या कोष्टकावरून काढू नये. तो वय आणि मुलगा-मुलगी पाहून ठरतो. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, पण वाढत्या अंगाला उपाशी ठेवू नका. घरात कुणाला ‘जाड्या’ म्हणून चिडवणं तर अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती एका दमात हवी असं नाही. शाळेला पायी जाणं, मधल्या सुट्टीतली लंगडी, संध्याकाळचा खो-खो, सगळं त्यात धरायचं.