रोटरीचा आवाज आवरताना

रोटरी इंजिन आवाज करतं म्हणजे किती करतं, हे शर्यतीच्या शौकिनांना विचारावं. १९९१ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी या गाडीनं जिंकली. तिच्या चार रोटरच्या इंजिनाची किंकाळी ऐकायला लोक आजही गर्दी करतात. शर्यतीच्या मैदानावर ते शोभतं. पण त्याच घराण्यातलं इंजिन घरी बांधलेल्या विमानाच्या नाकात बसवून कुणी रविवारी सकाळी गावालगतच्या धावपट्टीवरून उडालं, तर आजूबाजूच्या घरांनी ते का सहन करावं? छोट्या धावपट्ट्यांवर बंधनं येतात ती बहुतेक वेळा आवाजाच्या तक्रारींवरून, आणि एका विमानाच्या गोंगाटाची किंमत तिथल्या सगळ्याच वैमानिकांना मोजावी लागते. म्हणून या इंजिनाचा एक्झॉस्ट शांत करण्याच्या खटपटीला मी विमानबांधणीतलं दुय्यम काम मानत नाही.

स्वतःच्या हातानं विमान बांधणारी माणसं आपल्याला अगदीच अपरिचित नाहीत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान उभं केलं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. अमेरिकेत मात्र ही मोठी चळवळ आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात ‘एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली. तिचा ऑशकॉशचा मेळा दर उन्हाळ्यात भरतो आणि तिथे गॅरेजात बांधलेली विमानं रांगेनं उभी असतात. या मंडळींपुढचा सर्वांत महाग प्रश्न इंजिनाचा असतो. विमानासाठी प्रमाणित केलेलं लायकॉमिंगचं इंजिन परवडत नाही, तेव्हा नजर मोटारींच्या इंजिनांकडे वळते, आणि तिथे माझदा आरएक्स-७ मधलं ‘१३बी’ अनेकांच्या मनात भरतं. प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे दोन रोटर आणि एक शाफ्ट, एवढेच मुख्य हलणारे भाग. पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. बिघाड झाला तर बऱ्याचदा ताकद कमी होते, पण शाफ्ट फिरत राहतो. आकाशात असताना हा गुण फार मोलाचा आहे.

फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चाललं. पुढे केनिची यामामोतो यांच्या पथकानं जपानमध्ये ते टिकाऊ केलं आणि १९६७ मध्ये माझदाची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली.

आता आवाज कुठून येतो ते जवळून पाहू. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्या ‘एपेक्स सील’. १३बी मध्ये धूर बाहेर जायचं भोक पोकळीच्या घेरावरच असतं. रोटरचं टोक त्या भोकाच्या काठावरून सरकलं, की भोक एकदम उघडं पडतं. पिस्टनच्या इंजिनात कॅमच्या उतारावर व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो, तशी सवड इथे मिळत नाही. आतल्या वायूचा दाब अजून वातावरणाच्या कितीतरी पट असतो. भोक उघडताच तो ध्वनीच्या वेगानं नळीत घुसतो आणि त्याच्यापुढे दाबाची धारदार लाट धावत सुटते. या लाटेला धार असते म्हणूनच तिच्यात मूळ सुराबरोबर वरचे तीव्र सूरही भरलेले असतात.

दुसरं कारण आकड्यांत आहे. प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा धूर सोडतो. दोन रोटर आणि मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे सेकंदाला २०० धमाके. चार सिलिंडरचं लायकॉमिंग २७०० फेऱ्यांना सेकंदाला ९० देतं. आपल्या रस्त्यावरची एका सिलिंडरची बुलेट ३००० फेऱ्यांना फक्त २५ देते, म्हणून तिचे ठोके वेगवेगळे ऐकू येतात आणि रोटरीचा एकसंध भोंगा होतो. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो. आवाज मोजण्याच्या रूढ पद्धतीत कानाच्या या स्वभावाचा हिशेब धरला जातो: १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा होतात, २०० हर्ट्झच्या आवाजातून फक्त ११. एक्झॉस्टमधली ऊर्जा तेवढीच असली, तरी रोटरीचा मूळ सूर आठेक डेसिबलनं जास्त बोचतो तो यामुळे.

पण याच आकड्यांत दिलासाही आहे, आणि अनेक बांधणारे तो लक्षात घेत नाहीत. उंच सूर म्हणजे आखूड लाट, आणि आखूड लाट अडवायला आखूड सायलेन्सर पुरतो. ८०० अंश सेल्सियस तापलेल्या धुरात ध्वनी सेकंदाला साधारण ६५० मीटर वेगानं जातो, थंड हवेतल्या वेगाच्या जवळपास दुप्पट. २०० हर्ट्झची लाट तिथे सव्वातीन मीटर भरते. सायलेन्सरचा रुंद डबा तिच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर लांब असेल, तर तो सर्वांत जास्त आवाज परतवतो. ९० हर्ट्झसाठी हाच डबा पावणेदोन मीटरच्या पुढे जाईल. डब्याचा व्यास नळीच्या दुप्पट असला, तर त्या सुरात साडेसहा डेसिबलची घट मिळते; तिप्पट असला तर तेरा. तेरा डेसिबल उतरले, की कानाला आवाज निम्म्याहून कमी वाटतो. वरच्या तीव्र सुरांसाठी भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती आवाज शोषणारी लोकर वापरतात. कागदावर हा प्रश्न सुटतो. ध्वनिशास्त्राला रोटरी अवघड नाही.

अवघड आहे ती उष्णता. ज्वलनाची जागा लांबट असल्यामुळे मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं, काही तर नळीत जाऊन जळतं. सत्तरच्या दशकात माझदानं याचाच फायदा घेऊन प्रदूषण कमी करण्यासाठी ‘थर्मल रिॲक्टर’ बसवला होता. विमानात मात्र हा ताप सोसावा लागतो. भोकाजवळ धुराचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं, आणि मोटारीसारखी क्षणभर ताकद मागून विमानाचं भागत नाही. उड्डाणानंतर ती मिनिटामागून मिनिट द्यावी लागते. ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील वारंवार तापून थंड होत असेल, तर ८७० अंशांच्या वर त्याचे पापुद्रे सुटू लागतात. एक मीटर लांबीची तीच नळी ८०० अंशांनी तापली, की जवळजवळ दीड सेंटिमीटर वाढते. दोन्ही टोकं घट्ट बोल्टनं आवळली असतील, तर ही वाढ वेल्डिंगवर निघते.

जळून गेलेला असा सायलेन्सर कापून उघडला, की सगळी कथा समोर येते. आतल्या आडव्या पडद्या मधोमध फुगून वाकलेल्या. वेल्डच्या कडेनं केसासारखी चीर, आणि तिच्या आजूबाजूला निळसर-राखाडी खरपुड्या. भोकांच्या नळीभोवती लोकर असायला हवी तिथे पोकळी. साधी काचेची लोकर या तापमानाला मऊ पडते आणि धक्क्यांबरोबर भोकांतून बाहेर निघून जाते. मग सायलेन्सर दिसायला शाबूत, पण आवाज दर उड्डाणाला वाढत जातो. खरी धास्ती सुटलेल्या पडदीची. ती बाहेरच्या तोंडाशी जाऊन अडकली, तर धूर कोंडतो आणि इंजिन ऐन चढाईत ताकद सोडतं. त्यामुळे विमानासाठी सरळ, आरपार दिसणारी नळीच बरी, असं माझं ठाम मत आहे. पडद्यांनी दोन-चार डेसिबल जास्त उतरत असतील, पण तुटल्यावर वाट अडवील असं काहीही त्या नळीत असता कामा नये.

उपाय आहेत. भोकाजवळच्या भागाला इनकोनेल ६२५ हा निकेलचा मिश्रधातू किंवा निदान टायटॅनियमचा अंश असलेलं ३२१ स्टील, आणि वाढीला वाव देणारे सरकते सांधे. काहीजण टर्बोचार्जर बसवतात. धुराची ऊर्जा टर्बाइन फिरवण्यात खर्ची पडते आणि लाटेची धार बोथट होते. २००३ च्या आरएक्स-८ मधल्या ‘रेनेसिस’ इंजिनात माझदानं धुराची भोकं घेरावरून काढून बाजूच्या भिंतीत नेली. ती सावकाश उघडतात, त्यामुळे आवाज उगमापाशीच सौम्य होतो.

शांत विमानांच्या इतिहासात रोटरीनं आधीच हजेरी लावली आहे, ही गोष्ट मला या साऱ्या खटपटीत फार आश्वासक वाटते. व्हिएतनाम युद्धात रात्री शत्रूच्या डोक्यावरून ऐकू न येता जाणारं टेहळणी विमान अमेरिकी लष्कराला हवं होतं. लॉकहीडनं श्वाइझरच्या ग्लायडरला इंजिन जोडलं. इंजिन वैमानिकाच्या मागे, तिथून लांब शाफ्ट डोक्यावरून पुढे, आणि नाकावरच्या खांबावर सावकाश फिरणारा मोठा पंखा. त्याच मालिकेतल्या ‘क्यू-स्टार’ या प्रायोगिक विमानात पुढे कर्टिस-राइटचं १८५ अश्वशक्तीचं ‘आरसी२-६०’ हे पाण्यानं थंड होणारं रोटरी बसवलं आणि नाकात चक्क मोटारीचा रेडिएटर. वँकेल इंजिनावर उडालेल्या अगदी पहिल्या विमानांत त्याची गणना होते. त्यानंतरच्या ‘वायओ-३ए’ मध्ये पिस्टनचं इंजिन आलं, पण लांब सायलेन्सर आणि संथ पंखा हे सूत्र तेच राहिलं. अशी अकरा विमानं बांधली गेली. त्यांतलं एक नासानं नंतर वर्षानुवर्षं वापरलं, हेलिकॉप्टरांचा आवाज हवेतल्या हवेत मोजण्यासाठी. स्वतः शांत असल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज कसा टिपणार?

संथ पंख्याचं सूत्र घरी बांधणाऱ्यालाही लागू पडतं. रोटरीला गिअरबॉक्स लागतोच. ६००० फेरे २.८५ नं भागले, की पंख्याला मिळतात सुमारे २१००. सहा फुटी पंख्याचं टोक २७०० फेऱ्यांना सेकंदाला २५८ मीटरनं धावतं, २१०० ला २०१ नं, आणि पंख्याचा आवाज टोकाच्या वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो. थेट जोडलेल्या लायकॉमिंगपेक्षा रोटरीवाला इथे पुढे असतो.

जर्मनीतल्या अलेक्झांडर श्लायशर कारखान्यानं ‘एएसएच २६ई’ या मोटारग्लायडरमध्ये नॉर्टन कंपनीच्या घराण्यातलं छोटं रोटरी वापरलं. इंजिन शरीरातच राहतं, फक्त पंखा बाहेर येतो, आणि सायलेन्सरची जागा आराखड्यातच ठरलेली असते. जर्मनीत विमानाच्या आवाजाचे नियम कडक आहेत, तेव्हा त्यांना पर्याय नव्हता. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांना आवाजाच्या प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे बरेचजण आधी इंजिन बसवतात, कव्हर घट्ट करतात आणि मग उरलेल्या फटीत कुठला सायलेन्सर मावेल ते शोधू लागतात. ८० सेंटिमीटरचा डबा तिथे मावत नाही. तो पोटाखाली गेला, की हवेचा अडथळा वाढतो, आणि कव्हरच्या आत राहिला, तर इंधनाच्या नळ्या नि वायरी भाजतात. ज्यांनी इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली भिंत, म्हणजे फायरवॉल, आखतानाच सायलेन्सरची जागा, त्याभोवतीचं उष्णतारोधक आवरण आणि थंड हवेची वाट ठरवली, त्यांची विमानं शांत झाली. त्यांच्यापुढे मग निराळंच काम उभं राहिलं: एक्झॉस्ट दबला, की आत्तापर्यंत त्याच्याखाली झाकलेला इनटेकचा घोगरा आवाज कॉकपिटमध्ये ऐकू येऊ लागतो, आणि हवा आत घेणाऱ्या नळीसाठी पुन्हा लाटेच्या लांबीचा हिशेब मांडावा लागतो, या वेळी थंड हवेतला.